निवड जनूभाऊंची

प्रथम दिवस नोंदवतो. पुढचे सगळे वाद दिवसांवरूनच होतात, हे न्यायालयात नोकरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी मी आमच्या गावाला वीज पुरवणाऱ्या कार्यालयास लेखी कळवले की, गावातल्या डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार सैल झाली असून तेथे ठिणग्या पडतात. पोच माझ्याकडे आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्मरणपत्र दिले. त्याचीही पोच आहे. मार्चच्या शेवटच्या बुधवारी भर दुपारी ती तार तुटली. त्यानंतरच्या शुक्रवारी पंचनामा झाला. मे महिन्यात सेवा केंद्राने तोंडी नकार दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या केंद्राचे पत्र आले आणि त्यात ते वाक्य होते.

आता जबाबदार कोण ते. एक, वीज कार्यालयाचे प्रमुख, ज्यांनी दोन्ही अर्ज घेतले आणि वायरमन पाठवला नाही. दोन, ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचे शहरातील सेवा केंद्र. तीन, त्या केंद्रातील ती व्यक्ती, जिने पत्रावर सही केली; सही वाचता येत नाही. चार, ज्याने ते वाक्य गावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये टाकले तो. पाच, मी.

पाचवे नाव मी स्वतःहून घातले आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला जनार्दन मरकड यांच्याविषयी लिहिले पाहिजे.

तिसगावच्या बाजारात, पाथर्डी रस्त्याला लागताना डाव्या हाताला, त्यांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान होते. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरणे हा त्यांचा मूळ धंदा. सगळे त्यांना जनूभाऊ म्हणत. अंगाने किरकोळ, बोटांना व्हार्निशचा कायमचा पिवळा रंग. शर्टाच्या दुसऱ्या बटणाला त्यांनी तांब्याच्या तारेने एक पेन्सिल बांधलेली असे. पेनाने ते काही लिहीत नसत. पेनाने लिहिलेले खोडले की कागद रागावल्यासारखा दिसतो, असे त्यांचे म्हणणे.

मोटारींचा हा माणूस संगणकाकडे कसा वळला, ते मी विचारले होते. बाजारात पूर्वी एक सायबर कॅफे होता. तिथले संगणक दर उन्हाळ्यात जळत. मालकाने वैतागून एक डबा जनूभाऊंकडे आणून टाकला. त्यांनी तो उघडला, आत गुंडाळलेली तार दिसली आणि त्यांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. तेव्हापासून दुरुस्ती, आणि हळूहळू दुसरेच काम सुरू झाले. घरी खेळाचा संगणक बांधायचा, पैसे मोजके आहेत, तर कोणते भाग घ्यावेत, हे विचारायला शेवगावपासून पाथर्डीपर्यंतची माणसे त्यांच्या बाकावर येऊन बसू लागली.

त्यांची पद्धत एखाद्या न्यायाधीशाला शोभावी अशी होती. ग्राहक यादी घेऊन येई. यादीत सर्वांत वर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाची चित्रे पडद्यावर उभी करणारा भाग, त्याखाली प्रोसेसर, त्याखाली रंगीत दिव्यांची काचेची पेटी, आणि अगदी तळाला, उरलेल्या पैशांत, एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा. जनूभाऊ तो कागद घेत, उलटा धरत आणि खालून वाचायला सुरुवात करत. एसएमपीएस ठरल्याखेरीज वरच्या ओळीवर त्यांची पेन्सिल जात नसे. आणि एसएमपीएस ठरण्याआधी ते ग्राहकाचे घर पाहत. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सात वाजता एकदा ते भिंतीच्या प्लगमध्ये मीटरच्या सुया घालून विजेचा किती दाब येतो ते पाहत. "घरातला दाब बघितल्याबिगर मशीन निवडायचं म्हंजी पाय न बघता चप्पल घ्यायची," असे ते मला म्हणाले होते.

रंगीत दिवे ते खोडत. दिवे गणपतीत लावावेत, असे त्यांचे मत. काचेची पेटीही खोडत, कारण काचेतून वारा जात नाही आणि आमच्याकडची धूळ काही शोभेची वस्तू नव्हे. वाचलेले पैसे ते रॅमला किंवा कार्डाला लावत. पेटीच्या पंख्यावर मलमलचे फडके ताणून बसवत आणि ते दर सोमवारी धुवायचे, असे ग्राहकाकडून वदवून घेत. एका शिक्षकाने बाजारातला सर्वांत महाग प्रोसेसर घेण्याचा हट्ट धरला, तेव्हा जनूभाऊ शांतपणे म्हणाले, "गुरुजी, डोकं लई मोठं घ्याल, पर हातपाय बारकेच राहतील. खेळताना दोन्ही लागत्यात." गुरुजी चिडले, निघून गेले आणि आठवड्याने परत आले.

या कामाचे ते पैसे घेत नसत. नगरला जाण्यायेण्याचे बसभाडे आणि एक वेळचे जेवण, एवढेच. दुकानदारांकडून काही घेणे तर त्यांना गुन्ह्यासारखे वाटे. याउलट एक गोष्ट ते प्रत्येकाला देत, तीही न मागता. मशीन चालू झाले की म्हणत, "निवड माझी हाय. काय झालं तर आधी माझ्याकडं या." मी आयुष्यभर हमीपत्रे वाचली. इतके छोटे आणि इतके बिनअटीचे दुसरे वाचले नाही.

मी त्यांच्या दुकानात जाऊ लागलो तो पाण्याच्या मोटारीच्या निमित्ताने. मोटार दुरुस्त झाली, माझे जाणे सुटले नाही. मी तालुक्याच्या न्यायालयात जप्ती-वसुली पाहणारा नाझर होतो, म्हणून ते मला नाझरसाहेब म्हणत. एकदा ते मला नगरला सोबत घेऊन गेले. एका ग्राहकासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. दुकानदाराने नवे कोरे खोके पुढे ठेवले. जनूभाऊंनी कार्ड बाहेर काढले, नाकाशी नेले, आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले. दुकानातली माणसे एकमेकांकडे पाहून हसू लागली. एकाने विचारले, बाबा, अत्तर आहे का.

"न्हाई. राबवलेलं हाय," जनूभाऊ म्हणाले. "मोटार तापून तापून आत भाजली की असाच वास मारती. दिवसरात्र चालवलंया कुनीतरी."

दुकानदार हसतच राहिला. तेव्हा जनूभाऊंनी कार्डाच्या मागच्या चिठ्ठीवरचा क्रमांक पेन्सिलीने दाखवला आणि तो संगणकात घालून पाहायला सांगितले. तो क्रमांक वर्षभरापूर्वीच दुसऱ्या कोणाला तरी विकला गेलेला निघाला. दुकानदाराने कार्ड मुकाट्याने परत घेतले. परतीच्या बसमध्ये जनूभाऊ मला समजावत होते की, ही चिठ्ठी म्हणजे कार्डाचा जन्मदाखला. ती असेल तर कंपनी ओळख देते, नसेल तर देत नाही. हे वाक्य मी फार चांगले लक्षात ठेवले. इतके चांगले ठेवायला नको होते.

त्यांच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक खोटे बोलून सुरुवात करत. संगणक अभ्यासासाठी हवा आहे, असे म्हणत. जनूभाऊ म्हणत, "अभ्यासाला जुना लॅपटॉप बास झाला, तो घे आन जा. खेळायचं असल तर खेळाचं नाव सांग." मग माणूस खाली पाहून नाव सांगे. खेळ कळल्याशिवाय कार्ड निवडता येत नाही, हे त्यांचे साधे कारण होते. पण त्या बाकावर बसून भली भली माणसे कबुलीजबाब दिल्यासारखी खेळांची नावे उच्चारताना मी पाहिली आहेत.

मीरा गर्जे ही एकटी खोटे बोलली नाही. ती आमच्याच गावची. दूध संकलन केंद्रावर हिशेबाचे काम करते, वय पंचवीसच्या आसपास. बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "जनूकाका, मला खेळायला पाहिजे. आमची चौघींची टीम आहे, तिघी पुण्याच्या आणि मी. माझ्या मोबाईलमुळं आम्ही हरतो."

जनूभाऊंना इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी विचारले, घरी काय सांगितलेस. ती म्हणाली, हेच सांगितले. आई काय म्हणाली? "आई म्हणली, हरू नको."

त्या मशीनवर त्यांनी पंधरा दिवस घालवले. केंद्रावर पडून असलेला जुना मॉनिटर चालेल असे ठरवून पहिली बचत केली. प्रोसेसर मधल्या दर्जाचा. रॅमची एकच पट्टी, दुसरा खण पुढे कधीतरी भरायला मोकळा. एसएमपीएस मात्र गरजेपेक्षा वरचा, आणि त्याच्याआधी स्टॅबिलायझर, कारण आमच्या गावचा संध्याकाळचा दाब त्यांना पसंत पडला नव्हता. अशा रीतीने वाचवत वाचवत त्यांनी तिला असे कार्ड घेऊन दिले, जे तिच्या यादीतल्या कार्डापेक्षा एक पायरी वरचे होते. यादीचा अंतिम कागद त्यांनी माझ्यासमोर सहा वेळा तपासला. प्रत्येक भाग शेजारच्या भागाला चालतो की नाही, हे पाहून ते ओळीच्या कडेला बारीक टिंब देत. त्या कागदावर टिंब नसलेली एकही ओळ नव्हती. हे मी शपथेवर सांगेन.

मीराच्या टीमने तीन महिन्यांत दोन स्पर्धा जिंकल्या.

मग मार्चमधला तो बुधवार आला. न्यूट्रल तुटला आणि गावातल्या घरांत जवळजवळ दुप्पट दाब शिरला. टीव्ही, फ्रीज, पिठाची गिरणी, जे जे चालू होते ते गेले. मीराकडे स्टॅबिलायझर जळाला, एसएमपीएस जळाला, आणि त्या दोघांनी बरेचसे आपल्या अंगावर घेतल्यामुळे, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड वाचला. कार्ड मात्र बंद पडले. जनूभाऊ संध्याकाळी आले, सगळे तपासले आणि मीराच्या आईला म्हणाले की, काळजी करू नका, कार्डाला तीन वर्षांची हमी आहे, खोके आहे, बिल आहे, मी स्वतः घेऊन जातो.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी नेले असते. मी अडवले.

वीज कार्यालयात मी भरपाईचा अर्ज घेऊन गेलो होतो. तिथल्या लिपिकाने मला नुकसान सिद्ध करा, असे सुनावले. मला, ज्याने एकतीस वर्षे जप्तीचा माल सील केला. मी घरी येऊन ट्रंकेतून लाख काढली, पितळी शिक्का काढला आणि शुक्रवारी मीराच्या ओसरीवर दोन पंचांसमक्ष पंचनामा केला. पुराव्याच्या वस्तूत अदलाबदल झाली, असा आक्षेप कार्यालय घेईल हे मला पक्के ठाऊक होते. म्हणून ज्या चिठ्ठीवर कार्डाचा क्रमांक होता, जिला जनूभाऊ जन्मदाखला म्हणत, तिच्यावरच सील करायचे मी ठरवले. क्रमांक आधी पंचनाम्यात उतरवून घेतला आणि मेणबत्ती पेटवली.

जनूभाऊंनी कार्डावर हात ठेवला. "नाझरसाहेब, लाख गरम असती. चिठ्ठी सोसंल का?"

मी त्यांना सांगितले की, कायद्याची एक रीत असते आणि ती अर्धवट पाळून चालत नाही. ज्या माणसाने नगरच्या एकाही दुकानदाराचे कधी ऐकले नाही, त्याने माझे ऐकले. "त्यातलं तुमी शानं," म्हणाले, आणि हात काढून घेतला.

भरपाईचा अर्ज कार्यालयाने फेटाळला. पंचनामा त्यांच्या प्रतिनिधीच्या गैरहजेरीत झाला होता, हे कारण. त्यात मे महिना उजाडला. मग जनूभाऊ आणि मीरा कार्ड घेऊन सेवा केंद्रात गेले. खिडकीतल्या माणसाने लाख पाहून विचारले, हे काय आहे. मीराने सांगितले. त्याने पात्याने लाख खरवडली, आणि लाखेबरोबर चिठ्ठी निघून आली. क्रमांकाचे चार आकडे कागदाला चिकटून होते, बाकीचे लाखेत गेले. तोच क्रमांक खोक्यावर होता, तोच बिलावर होता, तोच माझ्या पंचनाम्यात पंचांच्या सह्यांनिशी होता. पण कार्डावर नव्हता, आणि कार्डावर नसेल तर हमी नाही, असा त्यांचा नियम. जनूभाऊंनी त्या माणसाला विनंती केली की, कार्ड निदान उघडून पाहा. त्याने खिडकीतून पुढच्या माणसाला हाक मारली.

परत आल्यावर त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मीराही हसून म्हणाली की, जाऊ द्या काका, मी परत मोबाईलवर खेळते. मी जाऊ दिले नाही. जाऊ देणे मला कधी जमलेले नाही. मी सेवा केंद्रास नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. उत्तर नाही. दुसरे, तिसरे पाठवले. चौथ्या पत्रात मी कलमे घातली आणि ग्राहक आयोगात जाण्याचा इशारा दिला. तेव्हा मात्र उत्तर आले. बहुधा चिठ्ठीचे कारण आयोगात टिकणार नाही असे कोणीतरी त्यांना सांगितले असावे, कारण या पत्रात चिठ्ठीचा उल्लेखच नव्हता. इंग्रजी पत्र होते. मी त्याचे मराठी भाषांतर केले, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता. ते वाक्य असे: "ग्राहकाच्या सल्लागाराने निवडलेले सुटे भाग परस्परांस अनुरूप नसल्यामुळे बिघाड झालेला आहे, सबब हमी लागू होत नाही."

जनूभाऊंनी ते दुकानात, उभ्यानेच ऐकले. पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "कुठला पार्ट कुठल्याला चालत नव्हता, त्ये लिव्हलंय का?"

लिहिलेले नव्हते.

"मग इचारा की त्यांना. मी बसतो हितंच."

मी विचारले. आजतागायत पाच पत्रांनी विचारले. आणि त्याच सुमारास मी वीज कार्यालयाकडे वरिष्ठांमार्फत अपील केले, त्यास नेहमीच्या शिस्तीने सोबत सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती जोडल्या. त्या प्रतींत ते पत्र होते. माझे भाषांतरही होते. अपिलाच्या उत्तरात कार्यालयाने ते वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले: बिघाड विजेमुळे नव्हे, निवडीमुळे. एवढ्यावर थांबले नाही. कार्यालयातल्या कोणीतरी माझ्या भाषांतराचा फोटो काढला आणि दोन दिवसांत तो आमच्या गावाच्या ग्रुपवर आला. ज्यांचे टीव्ही आणि फ्रीज त्याच दुपारी जळाले होते, त्या घरांतल्या लोकांनीही तो पुढे पाठवला. कोणीतरी खाली लिहिले की, मोटारवाल्याने कॉम्प्युटर निवडला तर असेच होणार. अक्षर माझे होते, शिवाय वळणदार. वाचायला कोणालाच अडचण आली नाही.

बाकावर माणसे बसेनाशी झाली. एक जुना ग्राहक मशीन घेऊन आला आणि सगळे भाग एकमेकांना चालतात ना, तेवढे लिहून द्या, असे म्हणाला. जनूभाऊंनी त्याला चहा पाजला आणि लिहून दिले नाही. आधी माझ्याकडे या, असे ज्यांना त्यांनी सांगितले होते, ते येतील आणि आपल्याकडे द्यायला काही नसेल, ही धास्ती त्यांनी घेतली. मीरा मात्र आली. तिने पुन्हा काही पैसे साठवले होते आणि नवी यादी आणली होती. त्यांनी कागद हातात घेतला नाही. ती म्हणाली, "काका, माझा तुमच्यावर काही राग नाही. मशीन तुम्हीच निवडायचं." ते म्हणाले, "पोरी, तुझा न्हाई गं. पर त्ये कागदावर हाय ना." मी तिथेच बसलो होतो. मला बोलण्यासारखे काही सुचले असते तर बहुधा तेही मी टपालाने पाठवले असते.

दिवाळीनंतर त्यांनी दुकानाचे शटर ओढले आणि मुलीकडे सोनईला गेले.

गेल्या महिन्यात मी याच प्रश्नाच्या सहाव्या पत्राचा मसुदा त्यांना दाखवायला सोनईला गेलो. घरी कळले की, मुलीबरोबर बाजारात गेलेत. विजेच्या सामानाच्या दुकानात दोघे सापडली. काउंटरवर तीन छताचे पंखे मांडले होते. मुलगी वडिलांना म्हणत होती, "दादा, सांगा ना, कुठला घ्यायचा?" जनूभाऊ पंख्यांकडे पाहत नव्हते. "त्यांना इचार," म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई."

दुकानदार तरुण होता, त्यांना ओळखत नव्हता. म्हातारा अडाणी आहे असे समजून तो प्रेमाने, सावकाश, हातवारे करून सांगू लागला की, बाबा, पंख्याच्या आत तार गुंडाळलेली असते, तांब्याची असेल तर जास्त दिवस टिकते. जनूभाऊ ऐकत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. "व्हय," म्हणत होते. "व्हय का."

मी पायरीवर उभा होतो. त्यांनी मला पाहिले नाही. मसुदा माझ्या पिशवीत राहिला आणि मी तसाच बसस्टँडवर परत आलो.

म्हणून यापुढे खाजगी पत्र नाही. ज्या व्यक्तीने ते वाक्य लिहून सही केली, तिला मी या लेखाद्वारे जाहीरपणे विचारतो: कोणता भाग कोणत्या भागास अनुरूप नव्हता? एसएमपीएस कार्डास? कार्ड मदरबोर्डास? रॅम? दोन भागांची नावे सांगा, आणि सांगणारे म्हणून तिसरे नाव तुमचे घाला. सांगता येत नसेल तर ते वाक्य निराधार होते, एवढे लिहा. वीज कार्यालयाच्या प्रमुखांनी, ज्यांनी ते वाक्य न तपासता वापरले, त्यांनीही लिहावे. माझी चूक मी वर माझ्या नावावर घेतली आहे. तुमची तुम्ही घ्या. उत्तर छापून आले पाहिजे, लोकांना वाचता येईल असे. आणि ते मराठीत असावे, कारण ते जनार्दन मरकड यांना स्वतः वाचायचे आहे. या वेळी ते त्यांना वाचून दाखवायला मी जाणार नाही.